५ सप्टेंबरची संध्याकाळ आणि पॅन ॲम ७३: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दर ५ सप्टेंबरला एक छोटा कार्यक्रम होतो. दारात, फोनवर, कधी बाजारात भाजी घेताना लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. उत्तरं वर्गात दिल्यासारखी वाटली तर सांभाळून घ्या.

५ सप्टेंबरला शिक्षक दिन असतो. तुम्ही नेमकं कुणाचं स्मरण करता?

शिक्षक दिन सकाळी, शाळेत. आमचं संध्याकाळी, वाचनालयात. १९८६ साली त्या तारखेला, शुक्रवारी, मुंबईहून निघालेलं पॅन ॲम कंपनीचं ७३ क्रमांकाचं विमान कराचीच्या विमानतळावर चार बंदूकधाऱ्यांनी ताब्यात घेतलं. त्यात किमान २० माणसांचा जीव गेला, शंभराहून जास्त जखमी झाली. केबिनमधली कर्मचारी नीरजा भनोत त्या मेलेल्यांतली एक. गावात या कार्यक्रमाला 'नीरजाचा कार्यक्रम' म्हणतात. फलकावर आम्ही तसं लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

म्हणजे कंदहारचं विमान ना?

नव्हे. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही, कारण आमच्या पहिल्या वर्षीच्या बॅनरवर ठळक अक्षरांत 'कंदहार' छापून आलं होतं. मजकूर आमच्याच समितीतल्या एकाने फोनवरून सांगितला होता, त्यामुळे छापणाऱ्याला बोल लावायची सोय नव्हती. पांढरा कागद खळीने चिकटवून वेळ मारून नेली. पंख्याच्या वाऱ्याने तो अध्यक्षीय भाषणाच्या ऐन मध्यावर सुटला.

कंदहारचं प्रकरण १९९९ चं. इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ विमान २४ डिसेंबरला काठमांडूहून दिल्लीला येत होतं. पाच जणांनी ते हवेत ताब्यात घेतलं. मग अमृतसर, लाहोर, दुबई करत ते अफगाणिस्तानात कंदहारला गेलं. रुपिन कत्याल या तरुण प्रवाशाचा खून झाला. ३१ डिसेंबरला तीन कैदी सोडून देऊन बाकीच्या प्रवाशांची सुटका झाली, आणि त्या तिघांत मसूद अझहर होता. ते विमान आठवडाभर सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं, म्हणून 'अपहरण' म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं.

तिसरं नावही यात मिसळतं, 'कनिष्क'चं. तिथे अपहरण नव्हतंच. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या त्या विमानात बॉम्ब फुटला, ते आयर्लंडजवळच्या समुद्रावर कोसळलं आणि ३२९ जण गेले. लागोपाठच्या वर्षांतल्या या दोन घटना, त्यामुळे जुन्या माणसांच्याही डोक्यात गुंता होतो.

त्या दिवशी काय काय घडलं?

विमान जंबो होतं, बोईंग ७४७. मुंबईच्या सहार विमानतळावरून कराची, तिथून फ्रँकफर्ट, मग न्यूयॉर्क, असा त्याचा मार्ग. पहाटे साडेचारच्या सुमाराला ते कराचीला उतरलं. १०९ प्रवासी तिथेच उतरून गेले. नव्या प्रवाशांची पहिली बस विमानाच्या पायथ्याशी येऊन लागली होती, एवढ्यात सायरन लावलेली एक गाडी आली. आतल्या माणसांच्या अंगावर विमानतळाच्या सुरक्षारक्षकांसारखे गणवेश. ते गोळ्या झाडत जिन्याने वर चढले. अबू निदालच्या पॅलेस्टिनी अतिरेकी संघटनेचे ते चौघे होते. सकाळचे सहा वाजत होते.

आत गोंधळ सुरू होताच केबिनमधल्या कर्मचाऱ्यांकडून इंटरकॉमवर अपहरणाचा ठरलेला संकेत कॉकपिटला गेला. ७४७ चं कॉकपिट वरच्या मजल्यावर असतं आणि त्याच्या छताला एक छोटं दार असतं. कॅप्टन, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर असे तिघेही त्या दारातून बाहेर पडून दोराच्या रिळांनी खाली उतरले. चढलेल्यांना कॉकपिट रिकामं सापडलं.

मग मागण्या सुरू झाल्या. वैमानिक आणून द्या, आम्हाला सायप्रसला जायचं आहे. तिथल्या तुरुंगात त्यांचे साथीदार होते. दहाच्या सुमाराला त्यांनी राजेश कुमार या २९ वर्षांच्या प्रवाशाला दारापाशी नेलं. जन्माने भारतीय, राहायला कॅलिफोर्नियात, अमेरिकेचं नागरिकत्व त्याला नुकतंच मिळालं होतं. सगळ्यांच्या देखत त्याला गोळी घातली आणि खाली धावपट्टीकडच्या डांबरावर ढकलून दिलं.

त्यानंतरचा दिवस गेला तो बसून राहण्यात. जवळपास पावणेचारशे माणसं हात वर धरून, मान खाली घालून, सप्टेंबरच्या कराचीत. लहान मुलं होती, म्हातारी होती. केबिनमधल्या मुली आणि मुलगे मधून मधून पाणी आणि सँडविच फिरवत होते. पॅन ॲमचा कराचीतला एक तरुण मेकॅनिकही आत अडकला होता. त्याला रेडिओ सांभाळायला लावलं होतं. तोही वाचला नाही.

रात्री नऊनंतर दिवे मंद होत गेले. जमिनीवर उभ्या असलेल्या जंबोला वीज आणि थंड हवा देणारं एक छोटं इंजिन शेपटीत असतं, ते दिवसभर चालून बंद पडत आलं होतं. अंधार झाला. बाहेरून हल्ला होतोय असं समजून चौघांनी प्रवाशांना एका ठिकाणी गोळा केलं आणि गोळ्या झाडल्या, हातबॉम्ब फेकले. त्याच अंधारात कर्मचाऱ्यांनी आणि काही प्रवाशांनी दारं उघडली. कुणी फुगलेल्या घसरगुंडीवरून खाली गेलं, कुणी पंखावर पोचलं आणि तिथून उडी टाकून पाय मोडून घेतले. पाय मोडलेले नशीबवान म्हणायचे.

सगळं मिळून सोळा-सतरा तास.

वैमानिक प्रवाशांना टाकून पळाले, त्यांचं कौतुक कशाला?

कौतुक आम्ही करत नाही, पण दोषही देत नाही.

मराठीत आपण 'विमान पळवलं' म्हणतो. वर्तमानपत्रांनीही तेव्हा तसंच छापलं. या विमानाच्या बाबतीत तो शब्द चुकीचा आहे, कारण ते कराचीच्या जागेवरून हललंच नाही. चौघांना उडवायला माणूसच मिळाला नाही. अपहरण झालं, ओलीस धरले, माणसं मारली, पण विमान पळवता आलं नाही, आणि ते केवळ त्या छतातल्या दारामुळे. त्या काळच्या शिकवणीतही हेच होतं, की शक्य झालं तर विमान जमिनीवर अडकवून ठेवा. उडालेल्या विमानाचं पुढे काय होतं ते तेरा वर्षांनी आयसी ८१४ ने दाखवलं.

हे मी एकदा चौथीच्या मुलांना समजावत होते. कुणाला पटेना. मग मागच्या बाकावरचा एक म्हणाला, ''बाई, चोर्ला घाटात बस अडवली आणि ड्रायव्हर चावी घेऊन रानात गेला, तर बस तिथंच रावतली.'' बरोबर. लगेच दुसरा म्हणाला, ''आनी कंडक्टर?''

कंडक्टर आतच राहिला. त्या दिवसाची सगळी गोष्ट या प्रश्नात आहे. संकेत कळवणाऱ्यांना ठाऊक होतं की वरच्यांना निसटायला दार आहे आणि आपल्याला नाही. वाचलेल्या केबिन कर्मचाऱ्यांपैकी काही जण २०१६ मध्ये, तीस वर्षांनी, पहिल्यांदा एकत्र जाहीरपणे बोलले, आणि त्यांनीही वैमानिकांच्या निर्णयाची बाजूच घेतली. आत राहिलेली माणसं जर तसं म्हणत असतील, तर पेडण्यात बसून आपण निकाल देणारे कोण?

नीरजा भनोत विमानाची कॅप्टन होती का?

नाही, ती सीनियर फ्लाइट पर्सर होती. पर्सर म्हणजे केबिनमधल्या कर्मचाऱ्यांची प्रमुख. विमान उडवण्याशी तिचा संबंध नाही, पण दारामागे बसलेल्या प्रत्येक प्रवाशाशी आहे. वैमानिक गेल्यावर त्या विमानात पदाने सगळ्यात वरची उरली ती तीच.

जन्म ७ सप्टेंबर १९६३, चंदीगडचा. वाढली मुंबईत, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकली. वडील हरीश भनोत पत्रकार. ती मॉडेलिंग करायची, जाहिरातींतून लोकांना चेहरा माहीत होता. लग्न झालं आणि हुंड्याच्या त्रासाने थोड्याच दिवसांत मोडलं. मग तिने पॅन ॲममध्ये अर्ज केला. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

तिला १९८७ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. शांतताकाळातलं ते सगळ्यात मोठं शौर्यपदक, आणि ते मिळालेली ती पहिली स्त्री. २००४ मध्ये टपाल खात्याने तिच्या नावाचं तिकीट काढलं. मुंबईला कुणाकडे गेलात तर घाटकोपर पूर्वेला तिच्या नावाचा चौक आहे. रिक्षावाले नाव रोज घेतात, पण कोण होती विचारलं तर दहातले दोघे सांगतील. चौकांचं असंच होतं.

मग कार्यक्रमाला तिचंच नाव का देत नाही?

२०१६ मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपट आला. त्याआधी आमच्या मुलांना ती ठाऊकच नव्हती, त्यामुळे चित्रपटाविषयी माझी तक्रार नाही. पण नंतर भाषण स्पर्धेत मुलं जे बोलायला लागली ते ऐकून मी घाबरले. 'तिने एकटीने ३६० जणांना वाचवलं.' एका मुलीने तर 'साक्षात दुर्गा' म्हटलं आणि टाळ्या घेतल्या.

एकटीने नव्हे. त्या विमानात केबिनचे कर्मचारी डझनभराहून जास्त होते, बहुतेक विशीतले, भारतीय, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं अशांपैकी. कुणी संकेत कळवला, कुणी पासपोर्ट लपवले, कुणी पाणी दिलं, कुणी दार उघडलं. नीरजाला त्या वेळी दारातून सगळ्यांच्या आधी स्वतः उतरता आलं असतं. ती थांबली, माणसं बाहेर काढत राहिली, आणि तिथेच तिला गोळ्या लागल्या. हे एवढं लखलखीत आहे की वर दुर्गा चढवायची गरज नाही. आणि देवी केली की आपली सुटका होते ना! देवीने केलं ते आपल्याला कुठं जमणार? पर्सरने केलं म्हटलं की प्रश्न आपल्यावर येतो.

पासपोर्ट लपवले म्हणजे काय?

दिवसा केव्हातरी चौघांनी हुकूम दिला की सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करा. अमेरिकन कोण आहेत ते त्यांना हुडकून काढायचं होतं. गोळा करायचं काम साहजिकच केबिनच्या कर्मचाऱ्यांवर आलं. त्यांनी गोळा केले, आणि करता करता अमेरिकेचे पासपोर्ट वेगळे काढून सीटखाली सरकवले, कचऱ्यात टाकले, जिथे सापडणार नाहीत तिथे ढकलले. विमानात चाळीसेक अमेरिकी प्रवासी होते. त्यांतले बहुतेक घरी पोचले.

माझ्या मते त्या दिवसातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. गोळी चालवणारा पाठीशी उभा असताना, चेहऱ्यावर काही न दाखवता, हाताने एक छोटंसं खोटं काम करायचं. आणि ते पुन्हा पुन्हा, प्रत्येक रांगेत. शिवाय ते जिवावर उदार होऊन वाचवत होते ती त्यांच्या देशाची माणसं नव्हती, त्यांच्या कंपनीचे प्रवासी होते. चित्रपटात हा प्रसंग काही मिनिटांत उरकतो. मी वर्गात त्यावर पूर्ण तास घ्यायचे: मुलांना वह्या गोळा करायला लावायच्या आणि निळ्या कव्हरच्या तेवढ्या माझ्या न कळत बाजूला टाकायला सांगायचं. हसतात, खाकरतात, हात थरथरतात. खेळातसुद्धा पकडले जातात.

आपल्या गोव्याचा याच्याशी काय संबंध?

विमानाच्या मार्गाचा म्हणाल तर काही नाही. पण १९८६ साली परदेशी जायचं तर गोव्याच्या माणसाला मुंबई गाठावी लागायची. कोकण रेल्वे नव्हती, आता विमानतळ आहे ते मोपा म्हणजे नुसतं पठार होतं. तारवटी म्हणजे जहाजावरचा खलाशी असो, आखाताला निघालेला असो की अमेरिकेत लेकाकडे चाललेली आई असो, आदल्या रात्रीच्या बसने घाट चढून मुंबईला, आणि तिथून सहार. त्यामुळे सहारहून निघालेल्या विमानाला काही झालं म्हटलं की कोणत्याही वाड्यावर दोन-तीन घरांत चूल थंड पडायची.

आमच्या शेजारची एक बाय त्याच आठवड्यात मुंबईला गेली होती, अमेरिकेला जायला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती, बाजार माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) सामानाने भरलेला, घरोघर नेवऱ्यांची तयारी. आकाशवाणीवर बातमी आली तेव्हा तिच्या सुनेच्या हातात पिठाचा गोळा होता, तो तिने तसाच परातीत ठेवला आणि उठून आमच्याकडे आली, कारण मास्तरणीच्या घरी ट्रान्झिस्टर. फोन गावात एकच. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, की म्हातारी दुसऱ्याच कंपनीच्या विमानाने गेली आणि सुखरूप पोचली. आम्ही मोकळा श्वास घेतला. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की आपल्याला जी यादी नको असते, ती कुणाच्या तरी घरी पोचतेच.

संबंध विचारलात, तर तो एवढाच.

आपल्या पत्रादेवीचे हुतात्मे सोडून परक्यांचं स्मरण कशाला?

हा प्रश्न एक आजोबा दर वर्षी विचारतात आणि दर वर्षी पहिल्या रांगेत येऊन बसतात. आजोबा, १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला आपण सगळे जातोच. १९५५ सालच्या त्या दिवशी गोवामुक्तीसाठी पोर्तुगीजांच्या गोळ्यांना छातीवर घेणारे सत्याग्रही तरी कुठे सगळे पेडण्याचे होते? कितीतरी बाहेरून आले होते.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राज्यातही विमान पळवून पत्रकं टाकली होती म्हणतात. खरं का?

खरं. हा प्रश्नही त्याच आजोबांचा. १० नोव्हेंबर १९६१ रोजी पोर्तुगालच्या टॅप कंपनीचं कासाब्लांकाहून लिस्बनला जाणारं सुपर कॉन्स्टेलेशन विमान एर्मिनियु द पाल्मा इनासियु आणि त्याच्या साथीदारांनी ताब्यात घेतलं. लिस्बन आणि आणखी काही शहरांवरून खाली उडवत त्यांनी सालाझारविरोधी पत्रकं टाकली आणि विमान टँजिअरला नेलं. कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर सव्वा महिन्याने गोवा मुक्त झाला. दोन घटनांचा थेट संबंध नाही, पण सालाझारची नाचक्की झाली म्हणून इथल्या जुन्या माणसांना ही गोष्ट अजून गोड लागते. पिस्तूल दाखवून प्रवाशांना न विचारता नेणं ते नेणंच, हे मी आजोबांना सांगते. ते ऐकत नाहीत.

त्या चौघांचं पुढे काय झालं?

पाकिस्तानात पकडले गेले, बाहेरून मदत करणारा पाचवाही पकडला गेला. १९८८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेवर आली. म्होरक्या झायद सफारिनी २००१ मध्ये पाकिस्तानी तुरुंगातून सुटला आणि थोड्याच दिवसांत अमेरिकेच्या एफबीआयच्या हाती लागला. अमेरिकेत त्याने गुन्हा कबूल केला, आणि २००४ मध्ये त्याला १६० वर्षांची कैद झाली. बाकीचे २००८ मध्ये पाकिस्तानातून सुटले. त्यांच्यासाठी एफबीआयने मोठी बक्षिसं लावली.

मेलेल्यांच्या घरच्यांना भरपाई मिळाली का?

काहींना. अबू निदालच्या संघटनेला पाठबळ दिल्याचा आरोप असलेल्या लिबियाने २००८ मध्ये अमेरिकेबरोबर करार करून अनेक जुन्या दहशतवादी हल्ल्यांच्या दाव्यांपोटी १५० कोटी डॉलर दिले आणि त्यात हे प्रकरणही धरलं गेलं. पण तो पैसा अमेरिकी नागरिकांसाठी. एकाच रांगेत बसलेल्या दोघांना एकाच बंदुकीच्या गोळ्या लागल्या, आणि हिशेब पासपोर्ट बघून झाला. वर पासपोर्टची गोष्ट वाचलीत ना, ती इथे पुन्हा आठवा.

भनोत कुटुंबाने विम्याच्या मिळालेल्या पैशांतून नीरजाच्या नावाने विश्वस्त निधी उभारला. त्यातून कर्तव्यापलीकडे जाऊन काम करणाऱ्या विमान कर्मचाऱ्याला आणि अन्यायाला तोंड देऊन इतर बायकांना आधार देणाऱ्या भारतीय स्त्रीला पुरस्कार दिले जातात. दुसरा पुरस्कार का, ते तिच्या लग्नाची हकिगत वाचलीत तर कळेल.

मोपाला पट्टा, बूट, चावी सगळं काढायला लावतात. याच कारणाने का?

एका घटनेमुळे नाही, एकेका घटनेने एकेक थर चढला. 'कनिष्क'नंतर सामानाच्या तपासणीवर जोर आला, आणि नागरी विमान सुरक्षेसाठी असलेला विभाग १९८७ मध्ये स्वतंत्र झाला. कंदहारनंतर विमानतळांची राखण राज्य पोलिसांकडून काढून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे द्यायला सुरुवात झाली, ती फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटची दारं बंदुकीच्या गोळीलाही दाद देणार नाहीत अशी झाली.

कराचीचा धडा मात्र वेगळा होता. तिथे कुणी बॅगेतून काही लपवून आणलं नाही. गणवेश घालून, गाडीला सायरन लावून, थेट विमानापर्यंत आले. म्हणून आज विमानाजवळ जाणारी प्रत्येक गाडी आणि प्रत्येक ओळखपत्र तपासलं जातं. आमच्या गावचा मुलगा मोपाला सामान चढवण्याच्या कामावर आहे. ''बाई, रोज तोंड बघतात, तरी रोज कार्ड मागतात'' म्हणून कुरकुरतो. त्याला मी कराचीची गाडी सांगितली. आता कुरकुरतो, पण कार्ड आधीच काढून ठेवतो.

मस्करीत 'बॅगेत बॉम्ब आहे' म्हटलं तर खरंच पकडतात?

पकडतात. आणि पकडावंच. जानेवारी २०२३ मध्ये मॉस्कोहून गोव्याला येणारं २४४ जणांचं विमान बॉम्बच्या निनावी धमकीमुळे जामनगरला उतरवावं लागलं. रात्रभर तपासलं, काही निघालं नाही. त्याच महिन्यात रशियाहूनच दाबोळीला येणारं दुसरं विमान उझबेकिस्तानकडे वळवलं.

आपल्याकडे अपहरणविरोधी कायदा १९८२ पासून आहे, त्याच्या जागी २०१६ चा नवा कायदा आला. माणूस मेला तर फाशीपर्यंत शिक्षा आहे, आणि खरी वाटेल अशी धमकी देणंही त्यात गुन्हा धरलं आहे. २०१७ मध्ये मुंबई-दिल्ली विमानाच्या शौचालयात धमकीची चिठ्ठी सापडली, विमान अहमदाबादला उतरवलं. त्यात मुंबईच्या एका व्यावसायिकाला २०१९ मध्ये जन्मठेप आणि ५ कोटी दंड झाला. पुढे २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. तोपर्यंत सहा वर्षं गेली होती.

माझी मुलगी केबिन क्रूच्या क्लासला जायचं म्हणते. हे सगळं ऐकल्यावर पाठवू का?

मोपा सुरू झाल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. बहुतेक वेळा आईच विचारते, कार्यक्रम संपल्यावर, खुर्च्या उचलताना, हळू आवाजात.

वहिनी, मी उत्तर देत नाही, उलट विचारते: क्लासमध्ये काय शिकवतात? केस कसे बांधायचे आणि हसायचं कसं एवढंच शिकवत असतील तर पैसे जपून ठेवा. खऱ्या प्रशिक्षणात दार किती सेकंदांत उघडायचं, घसरगुंडी फुगली नाही तर काय करायचं, धुरात प्रवाशांना मोठ्याने कसे हुकूम द्यायचे, हे घोटून घेतात. आपण त्यांना चहा देणाऱ्या मुली समजतो. चहा हे त्यांचं फावल्या वेळचं काम. मुलगी जोरात ओरडू शकते का ते आधी बघा. आपल्या घरांत मुलींना ते शिकवलेलं नसतं.

५ सप्टेंबरला चवथ आली तर?

२०१६ मध्ये आली होती, नेमकी तिसाव्या वर्षी. माटोळी बांधायची सोडून वाचनालयात कोण येणार? मीसुद्धा नाही. आम्ही आठवडाभर आधी उरकलं. दीड दिवसाचा गणपती पोचवायचा दिवस असेल तेव्हाही तसंच.

कार्यक्रमात काय असतं? हार, मेणबत्त्या आणायच्या का?

नको. हार घेतलाच तर शाळेच्या बाईंना घाला, शिक्षक दिन आहे.

सहा वाजता सुरू, सातला संपतो. घटनाक्रम वाचतो, सकाळी सहापासून रात्रीपर्यंत, तासातासाने, विशेषणं गाळून. वाचायला दर वर्षी वेगळी पाच माणसं. पासपोर्टचा भाग शक्यतो विद्यार्थी वाचतो, रात्रीचा भाग मोठं माणूस. त्या भागाला दिवे घालवायचे असं ठरलेलं आहे, पण सप्टेंबरात पेडण्यात ते काम बऱ्याचदा वीजच आमच्या आधी करते. बॅटरी बरोबर आणा. भाषण नाही. अध्यक्ष नाहीत, त्या बॅनरच्या वर्षापासून.

पुढच्या वर्षी मला वाचायचं आहे. काय करावं लागेल?

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयात या. मजकूर मराठीत आहे, मोठ्या टाइपात. परदेशी नावं आधी दोनदा वाचून घ्यावी लागतात. चष्मा लागत असेल तर तोही आणा, गेल्या खेपेला एका काकांनी माझाच लावून वाचलं आणि 'फ्रँकफर्ट'ला अडकले.